'ताण', 'क्षरण' आणि हायड्रोजनाचे कारकत्व : एका संज्ञेची चिकित्सा

उच्च बलाच्या ॲल्युमिनिअम मिश्रधातूंचा एखादा भाग ताणाखाली असेल आणि भोवतालची हवा दमट असेल, तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी वा वर्षांनी त्यास तडा जातो. तो ताण एरवी त्या धातूस सहज सोसणारा असतो आणि ती हवा एरवी त्याचे फारसे काही बिघडवीत नाही. दोन्ही एकत्र आली की मात्र धातू आपल्या बलाच्या अंशमात्र भाराखाली दुभंगतो. ह्या घटनेसाठी आपल्याकडे 'प्रतिबल संक्षारण' ही संज्ञा येते. तीतील दोन्ही पदे वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या (स्थापना १९६१) परंपरेतील होत. शालेय पुस्तकांनी रूढ केलेला 'क्षरण' हा शब्द घेतल्यास तिचेच सुटसुटीत रूप 'ताण-क्षरण' असे होईल. ही संज्ञा वरवर निरुपद्रवी दिसते. वस्तुतः तिच्या पोटात एक संपूर्ण उपपत्ती दडलेली आहे, आणि हायड्रोजनाविषयी गेल्या अर्धशतकात जो पुरावा पुढे आला आहे त्यास त्या उपपत्तीत स्थान नाही. प्रस्तुत लेखात ह्याच मुद्द्याची चिकित्सा करावयाची आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने धातुविज्ञानात लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास एक उत्तर असे की 'धातू' हा शब्द प्रथम वैयाकरणांचाही आहे. पण ह्या श्लेषावर विसंबण्याचे कारण नाही. ज्या वादाचे आपण येथे परीक्षण करणार आहोत तो मुख्यतः 'कोणी केले' आणि 'कशाने झाले' ह्यांविषयीचा वाद आहे. कर्ता, करण, हेतू आणि सहचर ह्यांचा विवेक करण्याची साधने आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वी घडवून ठेवली आहेत. ती येथे कामास येतात किंवा नाही, हे पाहावयास हरकत नसावी.

प्रथम घटना समजून घेऊ. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म ह्यांना असे आढळले की तांबे व मॅग्नेशिअम ह्यांचा थोडा अंश असलेले ॲल्युमिनिअम तापवून पाण्यात झटकन निवविले आणि तसेच ठेवून दिले, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. पुढे तांब्याऐवजी जस्तावर भर देण्यात आला. १९३६ मध्ये जपानमध्ये इगाराशी ह्यांनी जस्त-मॅग्नेशिअम-तांबे ह्यांचा अतिशय बलवान मिश्रधातू सिद्ध केला. तडे आटोक्यात ठेवण्यासाठी त्यात क्रोमिअमचा किंचित अंश घालावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत त्याच जातीचा मिश्रधातू आला, तोच आज ७०७५ ह्या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात जस्त ५.१ ते ६.१ टक्के, मॅग्नेशिअम २.१ ते २.९ टक्के आणि तांबे १.२ ते २ टक्के असते. ह्याचे बल येते ते जस्त व मॅग्नेशिअम ह्यांच्या अतिसूक्ष्म अवक्षेपांमुळे. हे अवक्षेप स्फटिककणांच्या पोटात विखुरलेले असतात, तसेच दोन कणांच्या सीमेवरही ओळीने बसतात. तडा जातो तो बहुधा ह्या सीमांच्या वाटेने. जाड पाट लाटताना कण पोळीसारखे चपटे होतात. म्हणून पाटाच्या जाडीच्या दिशेने ओढ बसली की सीमा उघड्या पडतात. ७०७५ च्या सर्वाधिक बलवान अवस्थेत ह्या दिशेने सुमारे ५० मेगापास्कल ताण, म्हणजे त्याच्या बलाचा दशांशाच्या आसपासचा भाग, तडा जाण्यास पुरेसा होतो. एवढा ताण बाहेरून लादावाही लागत नाही. पाण्यात निवविताना धातूच्या आत जो ताण अडकून राहतो तोच कित्येकदा पुरतो.

आता नावाकडे वळू. ह्या नावाचा इतिहास ॲल्युमिनिअमपासून सुरू होत नाही, पितळेपासून होतो. म्हणून येथे भंडाऱ्याचा उल्लेख अस्थानी ठरणार नाही. हे शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि 'भाणे' म्हणजे पात्र ह्या शब्दाशी त्याच्या नावाचा संबंध लोकव्युत्पत्ती आवर्जून जोडते. रतनपूरच्या बाराव्या शतकारंभीच्या शिलालेखात 'भानारा' असे रूप येते, त्यात मधला 'ड' नाही. तेव्हा 'भांडागार' ह्या शब्दाशी नाते जोडणाऱ्यांनी आधी ह्या रूपाचा उलगडा केला पाहिजे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय झाला. पितळेचा पत्रा ठोकून वा दाबून भांडे घडविताना तो पुनःपुन्हा तापवून मऊ करावा लागतो, हे कासारकाम पाहिलेल्या कोणासही ठाऊक असते. तसे न केल्यास धातूत ताण साठतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याला ह्याच गोष्टीचा दुसरा प्रत्यय आला. काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात कोणीही हात न लावता तडकू लागली. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्यांनी त्याचा उलगडा केला : नळकांडी दाबून घडविताना पितळेत ताण राहून गेला होता, आणि हवेतील अमोनिआचा (तबेल्यांच्या परिसरात तो मुबलक असतो) ओलाव्यासह संयोग होताच तडा गेला. उपाय साधा निघाला. नळकांडी मंद आचेवर तापवून ताण उतरवावयाचा आणि साठा कोरडा ठेवावयाचा.

ह्या घटनेस इंग्रजीत आरंभी जे नाव पडले त्याचे शब्दशः मराठी 'ऋतुतडा' असे होईल. हे नाव का पडले ह्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एकानुसार तडे पावसाळ्याच्या ऋतूत जात म्हणून; दुसऱ्यानुसार वाळत घातलेल्या लाकडास जशा उभ्या चिरा पडतात तशा ह्या चिरा दिसत म्हणून, कारण लाकूड वाळविण्यासाठीही इंग्रजीत तोच शब्द आहे. भाषाभ्यासकास हा संशय सुखावह वाटेल. पण दोन्ही अर्थ घेतले तरी एक गोष्ट सारखीच राहते : ते नाव केवळ 'काय दिसते' वा 'केव्हा दिसते' एवढेच सांगते. 'कशाने होते' ह्याविषयी ते मौन पाळते. अज्ञान असताना मौन पाळणारे नाव हे चांगले नाव होय.

त्यानंतरचे नाव, म्हणजे आपल्या 'ताण-क्षरणा'चे मूळ, मौन पाळीत नाही. त्यात क्षरण हे प्रधान पद आहे आणि ताण हे गौण. समासाचा विग्रह कसाही केला, 'ताणाने होणारे क्षरण', 'ताणाखालील क्षरण', 'ताणासह क्षरण', तरी घडते ते क्षरणच. आणि क्षरण म्हणजे काय? 'क्षर्' ह्या संस्कृत धातूचा अर्थ पाझरणे, वाहून जाणे, झिजून नाहीसे होणे असा आहे. जे असे झिजत नाही ते 'अक्षर'. 'क्षार' हा शब्दही ह्याच धातूचा आणि 'संक्षारण' त्याच कुळातील. अर्थात 'क्षरण' म्हणताच आपण मान्य करून बसतो की तड्याच्या टोकाशी धातू विरघळून वाहून जात आहे आणि तडा त्यामुळे पुढे सरकतो. युरोपीय शब्दाच्या मुळाशी कुरतडण्याचा अर्थ आहे; त्यातही पदार्थ नाहीसा होतोच. मराठीतील 'गंज' हा शब्द निदान चढणारा आहे, नाहीसा करणारा नव्हे. (विदर्भात 'गंज' हे भांड्याचेही नाव आहे. गंजाला गंज चढला, असे वाक्य भंडाऱ्यात कोणी बोलले तर त्यात काही विसंगती नाही.)

विरघळण्याची ही उपपत्ती पितळेच्या बाबतीत अगदी उचित होती. तांबे हा हायड्रोजनापेक्षा 'उदात्त' धातू असल्यामुळे अमोनिआच्या द्रावात तांबे विरघळताना हायड्रोजन सुटण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. तेथे हायड्रोजनाचा विचार करण्याचे कारण नव्हते. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेतील ई. एच. डिक्स ह्यांनी हीच चौकट ॲल्युमिनिअमला लागू केली. कणसीमेवरील अवक्षेप व त्याच्या शेजारचा धातू ह्यांत विद्युत्-रासायनिक भेद असतो. म्हणून सीमेच्या अरुंद वाटेने धातू अधिक वेगाने विरघळतो. आणि ताण ती वाट उघडी ठेवून विरघळण्यास गती देतो. ह्या मांडणीची वाक्यरचना पाहावी. मुख्य क्रियापद 'विरघळणे' आहे. ताण हा क्रियाविशेषणासारखा आहे. हायड्रोजन वाक्यात येतच नाही. वास्तविक ॲल्युमिनिअम पाण्याशी संयोग पावते तेव्हा हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन अशी दोन फळे मिळतात, हे कोणतेही प्राथमिक पुस्तक सांगेल. परंतु दुसरे फळ बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते, असे गृहीत धरून ते वाक्याबाहेर ठेवले गेले. पितळेच्या नावासोबत पितळेचे व्याकरण ॲल्युमिनिअमवर आले, असे म्हणावे लागते.

येथे पाणिनीय कारकविचार उपयोगी पडतो. त्या विचारात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, आणि क्रियेच्या सिद्धीत जे सर्वाधिक साधक असते ते करण. ह्यांखेरीज हेतू आहे आणि 'सह'च्या योगाने येणारे अप्रधान, म्हणजे जे सोबत असते पण ज्याच्यावाचून क्रिया अडत नाही, तेही आहे. गंमत अशी की ह्या चारही ठिकाणी संस्कृतात तृतीया येऊ शकते आणि मराठीत बहुधा एकच 'ने' पुरतो. 'रामाने लाकूड फोडले', 'कुऱ्हाडीने लाकूड फोडले', 'पावसाने भिंत पडली' ह्या तीन वाक्यांतील 'ने' एक नव्हेत. 'हायड्रोजनाने ॲल्युमिनिअम तडकते' ह्या वाक्यातला 'ने' कोणता? सगळा वाद एवढ्यावर येऊन ठेपतो. हायड्रोजन केवळ सहचर असेल, तर तो क्षरणाबरोबर निर्माण होतो आणि निघून जातो. डिक्स ह्यांचे वाक्य अबाधित राहते. तो करण असेल, तर क्षरणाचे काम हायड्रोजन पुरविण्यापुरते उरते आणि मुख्य क्रियापद 'विरघळणे' न राहता 'तडकणे' होते. वाक्याची घडीच मोडून नवी घालावी लागते.

हा निर्णय व्याकरणाने होणार नाही, प्रयोगानेच होईल. परंतु कोणता प्रयोग निर्णायक ठरतो आणि कोणता दिसण्यापुरता, हे ठरविण्यास वरील भेद फार कामास येतो. म्हणून पुराव्याकडे थोडे विस्ताराने पाहू.

धातूवर हायड्रोजनाचा परिणाम होतो ही गोष्ट नवी नव्हे. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन ह्यांनी दाखविले होते की लोखंडाची तार आम्लात बुडविल्यावर थोड्याच अवधीत तिचा चिवटपणा जातो. ती मोडून मोडलेला भाग ओला केला असता त्यातून बुडबुडे निघतात. आणि ती तार काही काळ तशीच ठेवल्यास गेलेला चिवटपणा परत येतो. ह्यातील शेवटचा अंश सर्वांत महत्त्वाचा आहे. विरघळलेला धातू परत येत नाही. जो गुण परत येतो तो पदार्थ गेल्यामुळे गेलेला नसून काहीतरी आत आल्यामुळे गेलेला असला पाहिजे. 'परत येणे' हा निकष लोखंडाला लावला गेला. ॲल्युमिनिअमला तो लावावयास शंभर वर्षे लागली. हायड्रोजन हे पोलादाचे दुखणे, ॲल्युमिनिअमचे नव्हे, अशी समजूत घट्ट बसली होती.

ती समजूत पक्की करणारे एक निरीक्षणही होते. ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू कोरड्या हायड्रोजन वायूत ताणाखाली ठेवला तर तडा वाढत नाही. तोच दमट हवेत ठेवला तर वाढतो, आणि आर्द्रता जसजशी चढते तसतसा त्याच्या वाढीचा वेगही चढतो. श्पायडेल व हायट ह्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ह्या वेगांची मोजणी केली. मिठाच्या पाण्यात संवेद्य मिश्रधातूत तडा दिवसाला मिलिमीटरच्या आसपास पुढे जाऊ शकतो. ह्यावरून कोणीही म्हणेल की हायड्रोजन निर्दोष आहे आणि पाणी दोषी. पण येथे एका शब्दाने फसविले आहे. 'हायड्रोजन' हा आपला शब्द रेणूसही लावला जातो आणि अणूसही. बाटलीतील वायू हा जोडीने राहणाऱ्या अणूंचा, म्हणजे रेणूंचा, असतो. ॲल्युमिनिअमच्या अंगावर ऑक्साइडची घट्ट पापुद्री असते आणि तिच्यावर तो रेणू फुटत नाही. म्हणून तो आत जात नाही. तड्याच्या टोकाशी पापुद्री फाटलेली असते, तेथे पाणी उघड्या धातूस भेटते आणि हायड्रोजनाचे सुटे अणू जन्मास येतात. जुन्या रसायनग्रंथांत ज्यास 'नवजात हायड्रोजन' म्हणत, तो हा. तो रेणू होऊन बुडबुड्यात जाण्यापूर्वी त्याचा काही अंश धातूत शिरतो. तेव्हा कोरड्या वायूचा प्रयोग हायड्रोजनाला निर्दोष ठरवीत नाही. तो केवळ एवढेच सांगतो की दार बंद असताना पाहुणा आत गेला नाही.

डॉ. रघुवीर ह्यांनी नागपुरी वास्तव्यात जी विराट परिभाषा रचली तीत हायड्रोजनास 'उदजन' म्हटले आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, त्यामुळे त्या परिभाषेचा वारा इकडेही लागला होता. ऑक्सिजनला 'जारक' आणि ॲल्युमिनिअमला 'स्फट्यातु' म्हणणारी ती भाषा टिकली नाही आणि तिची थट्टाही पुष्कळ झाली. 'उदजन' म्हणजे पाणी उपजविणारा. १७८७ मध्ये लाव्हाझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक मुळांवरून जे नाव घडविले त्याचे हे तंतोतंत संस्कृत होय. परंतु समासाचा विग्रह उलट करून 'उदकापासून ज्याचे जनन होते तो' असा अर्थ घेतला, तर तड्याच्या टोकाशी काय घडते त्याचे ते अचूक वर्णन ठरते. रघुवीरांना हा अर्थ अभिप्रेत नव्हता, हे उघड आहे. तथापि टिंगलीने बाद झालेल्या शब्दात क्वचित अशी एखादी सोय निघते. आज 'हायड्रोजन' रूढ आहे आणि तोच राहावा. फक्त ह्या विषयावर लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी 'अणुरूप' की 'वायुरूप' हे सांगावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

१९७४ मध्ये गेस्ट व ट्रोयानो ह्यांनी ७०७५ विषयी, आणि १९७६ मध्ये स्कॅमन्स, अलानी व स्वान ह्यांनी ॲल्युमिनिअम-जस्त-मॅग्नेशिअम मिश्रधातूंविषयी जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते माझ्या मते ह्या वादातील सर्वांत बोलके आहेत. ह्यांत धातूचा नमुना आधी कोणताही ताण न देता दमट परिसरात ठेवावयाचा आणि नंतर ओढून पाहावयाचा. असा नमुना कमी ताणला जाऊन कणसीमांवरून तुटतो. मात्र मधल्या काळात तो कोरड्या जागी वा निर्वातात ठेवला तर त्याचा चिवटपणा बहुतांशी परत येतो. जॉन्सन ह्यांच्या तारेचीच ही कथा. ताण आणि क्षरण ही दोन पदे येथे काळाने वेगळी केलेली आहेत : प्रथम ओलावा, मग ताण. 'ताण-क्षरण' ह्या समासास हे विभाजन सोसत नाही, कारण त्यात दोहोंचे यौगपद्य गृहीत आहे. ह्यावर एक आक्षेप घेण्यात आला, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. हायड्रोजन धातूस असे दुर्बल करू शकतो, एवढे ह्याने सिद्ध होते. प्रत्यक्ष वापरातील तड्याच्या टोकाशी तोच हे करतो, असे नव्हे. 'शक्य आहे' आणि 'घडते' ह्यांतील हे अंतर हायड्रोजनवादी लेखनात कित्येकदा एका वाक्यात ओलांडलेले आढळते.

हे अंतर काही अंशी भरून काढणारा प्रयोग १९७६ मध्येच ग्रीन, हेडन व माँटेग्यू ह्यांनी केला. त्यांनी तड्यास दोन प्रकारे भार दिला : एकदा ओढून, म्हणजे तड्याचे ओठ एकमेकांपासून दूर जातील असा, आणि एकदा पिळून, म्हणजे ओठ एकमेकांवरून सरकतील असा. पापुद्री दोन्हीत फाटते, उघडा धातू दोन्हीत पाण्यास भेटतो. विरघळणे हे जर मुख्य कारण असेल तर दोन्हीत तडा जावयास हवा. परंतु ओढण्यात तडा सहज गेला आणि पिळण्यात धातूने पुष्कळच दाद दिली नाही. ह्याचा उलगडा असा करतात की ओढण्यात टोकापुढील धातू सर्व बाजूंनी फुगल्यासारखा ताणला जातो आणि त्या सैलावलेल्या जागेत हायड्रोजनाचे अणू गोळा होतात. निव्वळ पिळण्यात तशी जागा निर्माणच होत नाही. येथे हायड्रोजन 'सोबत' आहे की 'साधक' आहे, ह्याची परीक्षा प्रथमच नीट झाली. क्षरण दोन्हीकडे होते, हायड्रोजनही दोन्हीकडे निर्माण होत होता. ज्या ठिकाणी त्यास काम करता आले तेथेच तडा गेला. सहचरास हे लागू पडत नाही, करणासच पडते.

ह्याउलट काही तथ्ये अशी आहेत की ती दोन्ही बाजूंस सारखीच साक्ष देतात. ७०७५ अधिक काळ वा अधिक उष्णतेवर ठेवून 'पक्व' केला तर त्याचे बल दहा ते पंधरा टक्के घटते, पण तड्यांचा उपद्रव फार कमी होतो. १९६० च्या दशकापासून विमानबांधणीत ह्या तडजोडीचा मोठा आधार घेण्यात आला. असे का होते? विरघळणवादी म्हणतात, अवक्षेप मोठे व विरळ होतात आणि विद्युत्-रासायनिक भेद बोथट होतो. हायड्रोजनवादी म्हणतात, मोठे अवक्षेप हायड्रोजनास आपल्यापाशी बुडबुड्यांच्या रूपाने कोंडून ठेवतात, म्हणून तो सीमेवर उपद्रव करू शकत नाही. १९८० मध्ये क्रिस्तोदुलू व फ्लॉवर ह्यांनी असे बुडबुडे विद्युत्-सूक्ष्मदर्शकातून दाखविलेही. एकाच श्लोकाच्या दोन टीका असाव्यात तसे हे आहे. अशा तथ्यास 'पुरावा' म्हणून कोणत्याही बाजूने वाजवू नये, पण उभय बाजूंचे लेखक ते वाजवीत आले आहेत.

२०२२ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संशोधकांनी अणूगणिक मांडणी दाखविणाऱ्या उपकरणाने ह्याच जातीच्या मिश्रधातूत हायड्रोजन नेमका कोठे बसतो हे पाहिले. तो कणसीमांवर आणि काही मोठ्या आंतरधातुकणांत सापडला. हायड्रोजनाचा ठावठिकाणा इतक्या सूक्ष्म पातळीवर कळणे ही मोठीच गोष्ट होय. पण येथेही कारकविवेक सुटू नये : अधिकरण कळले म्हणजे करण सिद्ध झाले असे नाही. सीमेवर हायड्रोजन सापडतो, हे ग्रीन-हेडन-माँटेग्यू ह्यांच्या प्रयोगाशी जोडून वाचले तरच त्यास पूर्ण बळ येते.

ह्या सर्वांवरून असे म्हणता येते की जस्त-मॅग्नेशिअम जातीच्या मिश्रधातूंत हायड्रोजन हे करण आहे, सहचर नव्हे. परंतु त्यास कर्ता करण्याची घाई दुसऱ्या टोकास जाते. 'हायड्रोजन धातूस ठिसूळ करतो' हे वाक्य आता प्रचारात येत आहे. त्यात दोन दोष आहेत. एक म्हणजे हायड्रोजन स्वतंत्र नाही. पाणी, उघडा धातू आणि ओढणारा ताण ह्यांवाचून तो काहीच करू शकत नाही. दुसरा दोष 'ठिसूळ' ह्या शब्दात आहे. काच ठिसूळ असते, ती हळू दाबली तरी आणि टोला मारला तरी. हायड्रोजन शिरलेला धातू मात्र सावकाश ओढल्यास तुटतो आणि झटकन ओढल्यास कित्येकदा जवळजवळ पूर्वीइतकाच चिवट राहतो, कारण हायड्रोजनास टोकापाशी गोळा होण्यास वेळ लागतो. ज्यास वेळ लागतो त्यास आपण ठिसूळ म्हणत नाही. शिवाय ॲल्युमिनिअम-तांबे आणि ॲल्युमिनिअम-मॅग्नेशिअम ह्या दुसऱ्या कुळांत विरघळण्याचा वाटा अधिक मोठा मानला जातो. तेव्हा 'हायड्रोजन-ठिसूळता' हे नाव सर्वांना देणे म्हणजे 'ताण-क्षरणा'चीच चूक उलट्या दिशेने करणे होय.

ही केवळ शब्दांची काटछाट नव्हे. १९८९ मध्ये नागपूरला ॲल्युमिनिअम संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. भोवतालच्या कारखान्यांत काम करणारे कित्येक तंत्रज्ञ मराठीतून शिकून आलेले असतात. 'क्षरण' वा 'गंज' शिकलेला मनुष्य तपासणी करताना पांढरा पापुद्रा, खड्डे, झीज शोधतो. ताणामुळे जाणारा तडा मात्र बहुधा स्वच्छ, केसासारखा बारीक असतो आणि पृष्ठभाग चकचकीत असतानाही तो आत खोल गेलेला असू शकतो. ज्याचे नाव 'क्षरण' आहे त्यात क्षरण दिसत नाही म्हणून तो भाग निर्दोष ठरविला जातो. भाग किती दमट हवेत होता, कोणत्या दिशेने कापला होता, निवविल्यावर त्यातील ताण उतरविला होता काय, हे प्रश्न त्या नावाने सुचतच नाहीत.

मराठीस ह्यासाठी फार दूर जावे लागत नाही. 'भांड्याला तडा गेला' ह्या वाक्यात भांडे चतुर्थीत आहे, तडा हा व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे आणि फोडणारा कोणीच नाही. 'फोडणे' हे क्रियापद कोणाला तरी दोष देते. 'तडा जाणे' देत नाही. ज्या घटनेचे कारण मिश्रधातूगणिक बदलते तिच्यासाठी असेच अकर्तृक नाव हवे. म्हणून 'ताण-तडा' हा शब्द सुचवावासा वाटतो. त्यात ताण आहे, कारण तो सर्वत्र असतो. तडा आहे, कारण तोच दिसतो. आणि क्षरण नाही. कोशात त्याची नोंद पुढीलप्रमाणे करता येईल.

ताण-तडा (पु.) : धातूस एरवी सोसणाऱ्या ताणाखाली, विशिष्ट परिसराच्या सान्निध्यात जाणारा आणि काळाने वाढत जाणारा तडा, पृष्ठभागावर क्षरण दिसेलच असे नाही. पितळेत, अमोनिआ व ओलावा ह्यांमुळे : जुने नाव ऋतुतडा. ॲल्युमिनिअमच्या जस्त-मॅग्नेशिअम मिश्रधातूंत, पाण्यापासून निघून धातूत शिरलेल्या अणुरूप हायड्रोजनाच्या योगे; वायुरूप कोरड्या हायड्रोजनाने नव्हे.